फॅट लागते ती गव्हाणीत

आपल्या भागातल्या कुठल्याही खेड्यात सकाळी साडेसहाच्या सुमारास दूध डेअरीसमोर उभे राहावे. हातात किटली घेतलेल्या बायका, सायकलला कॅन अडकवलेली पोरे, कानाला मफलर गुंडाळलेले आजोबा यांची रांग लागलेली असते. दूध मापावर जाते, त्यातले घोटभर मशिनमध्ये जाते आणि एक चिठ्ठी बाहेर येते. गाव कोणत्या संघाला दूध घालते त्याप्रमाणे त्या चिठ्ठीवरची भाषा कन्नड असते किंवा मराठी. पण जिला दोन्हीपैकी एकही लिपी वाचता येत नाही ती आज्जीसुद्धा चिठ्ठीवरचे दोन आकडे बरोबर ओळखते. एक फॅटचा, दुसरा एसएनएफचा.

फॅट म्हणजे दुधातला स्निग्धांश, आपल्या भाषेत लोणी. एसएनएफ म्हणजे तो वगळून उरलेला घट्ट भाग, त्यात प्रथिने, दुधातली साखर आणि क्षार आले. पाणी सोडून दुधात जे काही असते ते या दोन आकड्यांत मावते. महाराष्ट्रातल्या संघांत गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलला जातो. आकडे त्याखाली उतरले की दर उतरतो, फारच उतरले तर दूध परत जाते.

आणि आकडा उतरला की रांगेतून एक वाक्य हमखास येते, "पाणी जरा कमी घाला की!" म्हणणारा हसत म्हणतो. ज्याला म्हटले जाते त्याला मात्र हसता येत नाही, कारण गावात दुधाचा हिशेब हा पैशाइतकाच अब्रूचाही हिशेब असतो. आज मला या वाक्याविषयीच लिहायचे आहे. कारण पुष्कळ वेळा दोष दुधात मिसळलेल्या पाण्याचा नसतो, तो गाईच्या पुढ्यात पडलेल्या वैरणीचा असतो. हे रांगेत उभ्या असलेल्या दोघांनाही ठाऊक नसते, बोलणाऱ्याला नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही.

एका आईची चिठ्ठी

माझ्या बी.ए.च्या वर्गात दूध घालणाऱ्या घरची पुष्कळ मुले आहेत. डेअरीचे बिल दहा दिवसांनी निघते आणि त्यांची फी बिलाच्या दुसऱ्या दिवशी भरली जाते, हे आमच्या कार्यालयातल्या लेखनिकालाही पाठ झाले आहे. एका मार्च महिन्यात त्यांतली एक मुलगी सकाळच्या तासाला सलग चार दिवस आली नाही. आली तेव्हा कारण विचारले. म्हणाली, "सर, आई आता डेअरीत पाऊल ठेवत नाही. दूध घालायला मीच जाते, म्हणून पहिला तास चुकतो."

घरी एकच संकरित गाय. जानेवारीत तिच्या दुधाला ३.८ फॅट लागत होती. मार्चच्या मध्याला ती २.९ वर आली. तीन आठवडे रोज चार लोकांसमोर तेच वाक्य ऐकून आई घरात बसली. मी मुलीला दोन्ही महिन्यांच्या चिठ्ठ्या आणायला सांगितल्या. मी मराठी शिकवतो, गोठ्यातले मला फार कळते असा माझा दावा नाही. पण त्रैराशिक शाळेत सगळ्यांनाच होते. जानेवारीची चिठ्ठी सांगत होती फॅट ३.८, एसएनएफ ८.६. मार्चची सांगत होती फॅट २.९, एसएनएफ ८.६.

आता हिशेब करू. केवळ पाणी घालून ३.८ ची फॅट २.९ वर आणायची असेल, तर प्रत्येक लिटर दुधात सुमारे ३१० मिलिलिटर पाणी ओतावे लागेल. पण पाणी निवडून फक्त फॅटच पातळ करत नाही, ते सगळेच पातळ करते. तेवढ्या पाण्याने ८.६ चा एसएनएफ साडेसहावर यायला हवा होता. तो तर जागचा हलला नव्हता! म्हणजे पाणी नव्हतेच. कुणी म्हणेल, पाणी नसेल तर साय काढून घेतली असेल. पण धार काढून अर्ध्या तासात डेअरीत पोचलेल्या कोमट दुधावर काढण्याजोगी साय धरायला वेळ तरी कुठे मिळतो?

माझे एक स्नेही जनावरांचे डॉक्टर आहेत. त्यांना घेऊन त्या घरी गेलो. त्यांनी आधी गव्हाण पाहिली, मग शेण पाहिले आणि शेवटी गाय पाहिली. मग ओट्यावर बसून विचारले, "वहिनी, हिला खायला काय काय घालता?"

"कडबा फेब्रुवारीतच सरला, डॉक्टर. इकत घ्यायचा तर पेंडीवानी दर झालाय. पण पोटाला काय कमी केलं न्हाई. मक्याचा भरडा वाढीवला, सरकी वाढीवली. जाऊबाई म्हनल्या, फॅट लागंना तर तेल पाज. म्हनून वाटीभर गोडं तेलबी चालू केलंया."

"आणि पाणी?"

त्या माउलीला तो शब्द वर्मी लागला. "दुधात घालायला पाणी हाय कुठं, डॉक्टर? जनावराला पाजायचं पाणी मैलभरनं आणतोय आमी!"

डॉक्टर हसले. "वहिनी, मी गाईच्या पिण्याच्या पाण्याचं विचारतोय. तुम्ही दुधात पाणी घातलेलं नाही ते मला दिसतंय. फॅट वाढावी म्हणून तुम्ही जे जे केलंत, त्यानंच ती कमी झाली."

पोहऱ्यातले आडातून कसे येते

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" अशी आपल्याकडे म्हण आहे. दुधाच्या बाबतीत ती खरी आहे, पण सरळ अर्थाने नाही. आपल्याला वाटते, गाईच्या पोटात तेल गेले की दुधात लोणी येणार. त्या जाऊबाईंना तेच वाटले, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. पण गाय ही आपल्यासारखी एका पोटाची नव्हे. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि त्यांतला सर्वांत मोठा, ज्याला पशुवैद्य कोटीपोट म्हणतात, तो मोठ्या गाईत शंभर लिटरहून अधिक मावेल एवढा असतो. हे पोट म्हणजे आंबवणाचा रांजण. त्यातल्या एकेका थेंबात कोट्यवधी सूक्ष्म जंतू नांदत असतात. गाय खाते ते आधी या जंतूंच्या पंगतीला वाढले जाते. त्यांनी खाऊन जे मागे ठेवले, त्यावर गाय जगते आणि दूध बनवते.

पंगतीला काय वाढले यावर मागे काय उरते हे ठरते. कडबा, पिंजर, वाळलेले गवत, हिरवी वैरण यांतला चोथा खाणारे जंतू प्रामुख्याने ॲसेटिक आम्ल तयार करतात. शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच हे आम्ल. ते रक्तातून कासेत जाते आणि तिथे त्यापासून दुधातला स्निग्धांश घडवला जातो. दुधातल्या फॅटचा साधारण अर्धा भाग असा कासेत नव्याने तयार होतो. उरलेला अर्धा खाण्यातल्या आणि गाईच्या अंगावरच्या चरबीतून येतो. थोडक्यात, ज्या काडीला आपण निःसत्त्व म्हणून नाक मुरडतो तीच गाईच्या पोटात लोणी होते.

उलट मक्याचा भरडा, गव्हाचा आटा, तांदळाची कणी यांतला स्टार्च खाणारे जंतू वेगळे. ते प्रोपिऑनिक नावाचे आम्ल अधिक बनवतात. त्यापासून गाईचे यकृत साखर तयार करते आणि ती साखर कासेत जाऊन दुधातली साखर होते. या दुधातल्या साखरेचे वैशिष्ट्य असे की तिचे दुधातले प्रमाण फारसे बदलत नाही. ती जितकी जास्त तयार होईल तितके पाणी आपल्याबरोबर कासेत ओढून घेते. म्हणून भरडा वाढवला की दुधाचे लिटर वाढतात. गाईचे पोट भरायला आणि किटली भरायला खुराक हवाच, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण लिटर आणि फॅट या दोन कुलपांच्या किल्ल्या वेगवेगळ्या आहेत. पहिली खुराकात आहे, दुसरी वैरणीत.

तिसरी गोष्ट रवंथाची. लांब काडी पोटात गेली की गाय निवांत बसून तासन्‌तास रवंथ करते. रवंथ करताना तिच्या तोंडात लाळ सुटते, आणि ती किती? चांगली वैरण खाणाऱ्या मोठ्या गाईला दिवसाला शंभर लिटरच्या वर. त्या लाळेत आपल्या खाण्याच्या सोड्याच्याच जातीचे क्षार असतात. ते पोटातली आंबट मात्रा आटोक्यात ठेवतात. कडबा संपला, किंवा कुट्टी मशिनने त्याचा भुगा करून घातला, की रवंथ कमी होतो, लाळ कमी होते आणि पोटातले आम्ल चढते. चोथा खाणाऱ्या जंतूंना ते सोसत नाही. मग फॅट उतरते. पुढे शेण पातळ होते, गाय खाणे टाकते, कधी खुरांना त्रास सुरू होतो. फॅटचा उतरलेला आकडा ही त्या दुखण्याची पहिली वर्दी असते.

तेलाची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. खाण्याने दुधातली फॅट घसरते हे फ्रेंच शास्त्रज्ञ बूसिंगो यांनी १८४५ मध्येच नोंदवले होते. पण त्याचे नेमके कारण कळायला दीडशे वर्षे जावी लागली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डेल बाऊमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली त्याचा छडा लावला. पोटातले जंतू तेलाचे रूप बदलतात. पोट आंबट झालेले असले की ही बदलण्याची वाट थोडी चुकते आणि वाटेत एक निराळ्याच जातीचा स्निग्ध पदार्थ तयार होतो. तो कासेत पोचला की फॅट तयार करण्याचे कामच मंदावते. त्यांच्या प्रयोगात दिवसाला अवघे दहा ग्रॅम इतका हा पदार्थ पोटात सोडल्यावर दुधातली फॅट चाळीस टक्क्यांहून अधिक घसरली. म्हणजे भरडा जास्त, काडी कमी आणि वरून वाटीभर तेल, ही फॅट घालवण्याची हुकमी कृती ठरली. त्या माउलीने पदरचे पैसे घालून नेमकी तीच केली होती.

डॉक्टरांनी तेल त्या दिवसापासून बंद केले. भरडा एकदम न तोडता रोज थोडा थोडा कमी करायला सांगितला. कुट्टी बोटभर लांब ठेवायला सांगितली. भावकीतून उसना कडबा आणि शेजारच्या मळ्यातून मक्याची हिरवी वैरण मिळाली. तीन आठवड्यांनी मुलीने चिठ्ठी आणून टेबलावर ठेवली. फॅट ३.७. दुधाचे माप अर्ध्या लिटरने उतरले होते, पण भरड्याचा आणि तेलाचा खर्च वाचला होता. सोमवारपासून ती पुन्हा पहिल्या तासाला येऊ लागली.

मशिन आकडा सांगते, कारण सांगत नाही

दुधाची फॅट मोजण्याची सोय तशी फार जुनी नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये एक सोपी परीक्षा काढली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गर्बर यांनी आपली पद्धत आणली. आपल्याकडच्या डेअऱ्यांत काचेच्या नळ्या, आम्ल आणि गरगर फिरणारे यंत्र अनेकांना आठवत असेल, ती गर्बरची पद्धत. त्याआधी दूध नुसते मापावर विकले जाई. पाणी घालणारा फायद्यात आणि सकस दूध घालणारा तोट्यात, असा उलटा न्याय होता. बॅबकॉक यांनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही, तो सर्वांना खुला ठेवला. प्रामाणिक शेतकऱ्याला न्याय मिळावा म्हणून आलेली ही परीक्षा आहे. तिच्याच आकड्याने प्रामाणिक माणसाला चोर ठरवले जावे, हा मोठा विपर्यास म्हणायचा.

म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचायला शिकले पाहिजे. फॅट आणि एसएनएफ दोन्ही एकाच प्रमाणात उतरले, तर पाण्याची शंका घ्यायला जागा आहे. नुसती फॅट उतरली आणि एसएनएफ जागेवर असला, तर आधी गव्हाणीकडे आणि धार काढण्याच्या रीतीकडे पाहावे.

धारेचेही एक शास्त्र आहे. सडातून पहिल्यांदा येणारे दूध पातळ असते आणि शेवटचे निपटून काढलेले दाट. पहिल्या धारेत फॅट एक-दोन टक्के, तर शेवटच्या धारेत त्याच्या कितीतरी पट असू शकते. घाईत धार अर्धवट सोडली किंवा शेवटचे सगळे दूध वासराला पाजले, की किटलीत पातळ भागच येतो. वासराला पाजू नये असे मी म्हणणार नाही, त्याचा तो हक्कच आहे. पण पाजायचे ते आधी थोडे आणि नंतर थोडे असे विभागून पाजावे, असे जाणते गवळी सांगतात. रात्रीचा पल्ला लांब असेल तर सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी, संध्याकाळी दूध कमी आणि फॅट जास्त, हाही नेहमीचा अनुभव. सकाळच्या आणि संध्याकाळच्या चिठ्ठीत फरक दिसला म्हणून कुणी दचकू नये.

एसएनएफची चाल वेगळी. फॅटइतका तो पटकन वरखाली होत नाही. पण उन्हाळ्यात गाय अर्धपोटी राहिली, अंगातली ताकद कमी पडली, की दुधातली प्रथिने घटतात आणि एसएनएफ हळूहळू उतरतो. कासदाह झाला तरी उतरतो. म्हणून दोन्ही आकडे उतरले म्हणजे पाणीच, असाही शिक्का लगेच मारता येत नाही. गोठ्यात जाऊन समोर धार काढून नमुना तपासला की खरे-खोटे एका दिवसात कळते. ही तपासणी मागण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे आणि ती करून देण्यात डेअरीच्या सचिवाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

प्रथिनांच्या बाबतीत एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. मुरघासाचे शास्त्र घडवणाऱ्यांपैकी फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ विर्तानेन यांना वैरण टिकवण्याच्या पद्धतीसाठी १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९६० च्या दशकात त्यांनी काही गाईंना प्रथिने जवळजवळ नसलेले खाद्य घातले, आणि नत्रासाठी फक्त युरिया व अमोनियाचे क्षार. तरीही त्या गाईंनी दूध दिले आणि त्या दुधात प्रथिने नेहमीसारखीच होती. पोटातल्या जंतूंनी युरियापासून स्वतःचे अंग वाढवले आणि गाईने ते जंतू पचवले. (हे वाचून कुणी घरी युरिया चारू नये. मापाचा अंदाज चुकला तर विषबाधेने जनावर दगावते.) यातून घ्यायचा बोध इतकाच की आपण गाय पाळतो असे म्हणतो, खरे तर आपण तिच्या पोटातले जंतू पाळत असतो. त्यांना अचानक बदल खपत नाही. आज कडबा, उद्या नुसता हिरवा मका, परवा लग्नातले उरलेले अन्न, असे केले की ते बिथरतात. कुठलाही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा तो यासाठी.

आपल्या भागातली वैरण

आपल्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की गोठ्यागोठ्यात उसाचे वाडे पडते. फुकट किंवा स्वस्तात मिळते, जनावर आवडीने खाते. पण वाड्यात प्रथिने कमी आणि ऑक्झलेट नावाचा पदार्थ बराच. तो खाण्यातला कॅल्शियम बांधून ठेवतो, आणि दुभत्या गाईला तर दुधासाठी कॅल्शियम सतत लागतो. महिनोन्‌महिने नुसत्या वाड्यावर जनावर काढले तर दूध, एसएनएफ आणि गाभण राहणे या तिन्हींवर परिणाम होतो. वाडे घालूच नये असे नाही. पण त्याला कडबा, एखादी द्विदल वैरण आणि क्षारमिश्रणाची जोड हवी. खानापूरकडच्या भातपट्ट्यात पिंजराचे तसेच. त्याने पोट भरते, काडीही मिळते, पण नुसत्या पिंजरावर गाय अंग धरत नाही. लसूणघास, चवळी, मक्याचा मुरघास यांची जोड मिळाली की त्याच पिंजराचे सोने होते.

कोरड्या वजनाने पाहिले तर गाईच्या रोजच्या खाण्यात निम्म्याहून अधिक वाटा वैरणीचा असावा, हा साधा आडाखा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०११-१२ ते २०१८-१९ या काळात, गावागावांत माणसे तयार करून संतुलित आहाराचा हिशेब शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेला होता. त्यामागचा विचार हाच की खुराक अधिक घालण्यापेक्षा जो आहे तो मापात आणि मेळात घालावा.

दुधाचा रंग आणि वासही गव्हाणीतून येतो. पावसाळ्यात हिरवे गवत मिळाले की गाईचे लोणी पिवळे धमक होते, ते गवतातल्या कॅरोटीनमुळे. म्हैस त्या कॅरोटीनचे अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचे दूध पांढरेशुभ्र. कांद्याची पात किंवा कोबीचा पाला धारेच्या आधी घातला तर दुधाला वास येतो, धारेनंतर घातला तर सहसा येत नाही.

पातेल्याकडून गोठ्याकडे

हे सगळे शेतकऱ्याचे झाले, शहरातल्या वाचकाचा याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध पातेल्याइतका जवळचा आहे. आपल्या बेळगावचा कुंदा खव्यातून होतो. शंभर लिटर दुधात एक टक्का फॅट कमी म्हणजे कढईत एक किलो स्निग्धांश कमी. रतिबाच्या दुधावर साय धरत नाही म्हणून आपण गवळ्याला बोल लावतो, तेव्हा कदाचित त्याच्या घरचा कडबा संपलेला असतो.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा करून तपासले. युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साइड अशा घातक भेसळीचे नमुने किती निघाले? फक्त १२. उलट अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त असलेले नमुने निघाले ३६८, म्हणजे ५.७ टक्के. हे विष दुधात कुणी मिसळत नाही. ओल लागलेल्या शेंगदाणा पेंडीवर, सरकीवर, मक्यावर जी बुरशी चढते, तिचे विष गाईच्या पोटातून रूप बदलून दुधात उतरते. आपल्या कायद्याने त्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे. दूध उकळून ते जात नाही. बुरशीची पेंड बंद केली की मात्र तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होते. आपल्या पावसाळ्यात गोठ्याच्या कोपऱ्यात जमिनीवर टेकलेले पेंडीचे पोते म्हणजे काय, ते यावरून ध्यानात यावे. पोते फळीवर, भिंतीपासून दूर ठेवणे आणि काळी पडलेली पेंड जनावरालाही न घालणे, एवढ्याने हे टळते. "माणसाने खाण्याजोगी राहिली नाही, घाल गाईला" ही आपली सवय शेवटी आपल्याच लेकरांच्या पेल्यात येते.

पाणी घालणारे कुणीच नसतात असे मी म्हणत नाही. असतात, आणि दोन्ही आकडे एकत्र वाचले तर ते लवकर सापडतात. पण भेसळीची भीती मनात बसल्यामुळे आपण प्रत्येक पातळ दुधामागे चोर शोधतो, आणि ज्या गव्हाणीत दुधाचे खरे भवितव्य ठरते तिकडे मात्र कुणी फिरकत नाही. डेअरीच्या भिंतीवर दरपत्रक लावलेले असते. त्याच्या शेजारी एक कागद लावायला काय हरकत आहे? "फॅट कमी आली? लांब काडीची वैरण वाढवा, भरडा आवरा, तेल पाजू नका, धार निपटून काढा, बुरशीची पेंड टाकून द्या." पाच ओळी कन्नडमध्ये, पाच मराठीत. खर्च एका कागदाचा. आमच्या महाविद्यालयातली मुले असा कागद आपल्या सुवाच्य अक्षरात लिहून द्यायला तयार आहेत. ज्या संस्थेला हवा असेल तिने निरोप पाठवावा.